सीमेपलीकडचा वाचक : अमेरिका आणि रशिया यांच्यातील ग्रंथविनिमयाचा इतिहास

एका ग्रंथालयाने आपली प्रकाशने आणि जादा प्रती दुसऱ्या ग्रंथालयाकडे पाठवाव्यात आणि त्यांच्या बदल्यात पैसे न घेता तिकडचे ग्रंथ स्वीकारावेत, या व्यवहाराला ग्रंथालयशास्त्रात ग्रंथविनिमय म्हणतात. वरवर पाहता हा व्यवहार कारकुनी स्वरूपाचा आहे : दोन्ही बाजूंना नोंदवह्या असतात, पाठवलेल्या आणि मिळालेल्या ग्रंथांची मोजदाद होते आणि वर्षाअखेरीस हिशेब जुळला की काम संपते. अमेरिका आणि रशिया यांच्या ग्रंथालयांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला विनिमय मात्र अशा हिशेबात कधीच मावला नाही, कारण या दोन देशांमध्ये ग्रंथांबरोबर ग्रंथपाल, त्यांची तंत्रे आणि ग्रंथालय नेमके कोणासाठी असते याविषयीच्या कल्पनाही ये-जा करीत राहिल्या, आणि त्यांची दिशा बहुधा ग्रंथांच्या उलट होती. रशियातून अमेरिकेकडे प्रामुख्याने ग्रंथ गेले. अमेरिकेतून रशियाकडे प्रामुख्याने सार्वजनिक ग्रंथालयाची पद्धत गेली. या दोन्ही प्रवाहांचे मोल ठरवायचे तर किती पेट्या बंदरात उतरल्या एवढे पाहून भागत नाही. पेटीतला ग्रंथ अखेरीस कोणा वाचकाच्या हाती पडला की कुलूपबंद कोठारात गेला, हे पाहावे लागते, आणि तसे पाहू लागले की या इतिहासाचा बराच मोठा भाग अडवलेल्या ग्रंथांनी व्यापलेला दिसतो.

ग्रंथविनिमयाचा पहिला मोठा प्रचारक ग्रंथपाल नव्हता. अलेक्सांद्र वातमार (१७९६–१८६४) हे फ्रेंच गृहस्थ शब्दभ्रमाचे प्रयोग करून युरोपभर नाव मिळवलेले कलावंत होते, आणि गावोगावच्या ग्रंथालयांत एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती धूळ खात पडलेल्या पाहून त्यांनी आपले उर्वरित आयुष्य या प्रती देशोदेशी फिरवण्याच्या कामाला वाहिले. त्यांच्या खटपटीमुळे १८४० साली अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्या ग्रंथालयातील जादा प्रतींचा परदेशांशी विनिमय करण्यास मान्यता दिली. पुढे १८४६ साली वॉशिंग्टन येथे स्थापन झालेल्या स्मिथसोनियन संस्थेने या कामाला शिस्त आणली. संस्थेची शास्त्रीय प्रकाशने परदेशांतील विद्वत्सभांकडे पाठवायची आणि त्यांची प्रकाशने अमेरिकेत आणून वाटायची, अशी ही व्यवस्था होती, आणि सेंट पीटर्सबर्गची विज्ञान अकादमी तिच्या कक्षेत आरंभापासूनच होती. हा विनिमय विद्वानांचा विद्वानांशी होता. भूस्तरांचे नकाशे, वनस्पतींच्या याद्या, हवामानाची निरीक्षणे यांना दोन्हीकडे मागणी होती आणि त्यांच्यापासून कोणत्याही सरकारला धोका वाटत नव्हता. सामान्य वाचकाला या व्यवस्थेत अद्याप स्थान नव्हते.

सामान्य वाचकाचा प्रश्न दोन्ही देशांत निराळ्या रीतीने सोडवला जात होता. अमेरिकेत बॉस्टन शहराने १८५४ साली नगरपालिकेच्या कराच्या पैशातून चालणारे आणि नागरिकांना विनावर्गणी ग्रंथ घरी नेऊ देणारे ग्रंथालय उघडले, आणि सार्वजनिक ग्रंथालय या शब्दाला आज जो अर्थ आहे तो अशा ग्रंथालयांमुळे रूढ झाला. रशियात 'सार्वजनिक' हे विशेषण त्याआधीपासून होते. १७९५ साली स्थापन झालेले आणि १८१४ साली वाचकांना खुले झालेले सेंट पीटर्सबर्गचे साम्राज्य सार्वजनिक ग्रंथालय युरोपातील मोठ्या ग्रंथालयांपैकी एक होते. परंतु शेतकरी आणि कामगार यांच्यासाठी निघालेल्या मोफत लोकवाचनालयांवर १८९० सालच्या नियमांनी असे बंधन घातले की, शिक्षण मंत्रालयाने मान्य केलेल्या यादीबाहेरचा ग्रंथ तेथे ठेवता येणार नाही. छापण्यास परवानगी मिळालेला, दुकानात उघडपणे विकला जाणारा ग्रंथही गरीब वाचकाला वाचनालयात मिळू नये, अशी ही तरतूद होती. ग्रंथापेक्षा वाचकाची धास्ती अधिक असलेल्या राजवटीचे याहून स्वच्छ चित्र मिळणे कठीण आहे.

या राजवटीत, सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे, गेन्नादी वासिल्येविच युदिन (१८४०–१९१२) या मद्यउत्पादक व्यापाऱ्याने सुमारे ८०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह जमवला होता. त्यात रशियन इतिहास, साहित्य आणि ग्रंथसूची यांबरोबरच सायबेरियाविषयीचे आणि अलास्कात व्यापार करणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीविषयीचे दुर्मीळ कागद होते. गावाबाहेरच्या लाकडी इमारतीत ठेवलेला हा संग्रह युदिन अभ्यासकांना वापरू देत, आणि १८९७ साली हद्दपारीच्या ठिकाणी जाण्यापूर्वी क्रास्नोयार्स्कमध्ये थांबलेले व्लादिमीर लेनिन रोज चालत जाऊन तेथे वाचन करीत. उतारवयात युदिन यांना हा संग्रह एकसंध राहावा अशी इच्छा होती. रशियन राज्यकर्त्यांनी तो घेण्याची तयारी दाखवली नाही, तेव्हा त्यांनी परदेशाकडे दृष्टी वळवली.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या काळी अलेक्सेई बाबिन (१८६६–१९३०) हे रशियात जन्मलेले आणि कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले ग्रंथपाल काम करीत होते. ग्रंथपालप्रमुख हर्बर्ट पुटनम यांच्या वतीने त्यांनी क्रास्नोयार्स्कला जाऊन संग्रह तपासला, आणि १९०६ साली ४०,००० डॉलरला व्यवहार ठरला. संग्रहाच्या खऱ्या किमतीच्या मानाने ही रक्कम इतकी कमी होती की या व्यवहारात विक्रीइतकाच देणगीचाही अंश होता, आणि दोन राष्ट्रांत जवळीक निर्माण व्हावी हा आपला हेतू असल्याचे युदिन यांनीही नमूद केले होते. बाबिन यांच्या देखरेखीखाली सगळे ग्रंथ ५०० हून अधिक पेट्यांत भरले गेले, सायबेरियातून रेल्वेने युरोप ओलांडून हांबुर्ग बंदरात आले आणि तेथून जहाजाने १९०७ साली वॉशिंग्टनला पोहोचले. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील रशियन विभागाचा पाया या पेट्यांनी घातला. हा करार शब्दशः विनिमय नव्हता. तरीही पुढच्या शतकभराच्या देवघेवीचा विचार त्याच्यापासूनच सुरू करावा लागतो, कारण रशियन ग्रंथांची दखल घेण्याजोगी बाजू अमेरिकेत उभी राहिली ती त्यानंतर.

ग्रंथ पश्चिमेकडे निघाले त्याच सुमारास ग्रंथालयाची पद्धत पूर्वेकडे निघाली, आणि तिची वाहक एक स्त्री होती. ल्यूबोव्ह बोरिसोव्हना खावकिना (१८७१–१९४९) यांनी खार्किव्हच्या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला सुरुवात केली, १९०४ साली ग्रंथालयांची रचना आणि तंत्र यांवर रशियन भाषेत पाठ्यग्रंथ लिहिला आणि १९१३ साली मॉस्कोच्या शान्याव्स्की विद्यापीठात रशियातील पहिला ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू करण्यात पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या ग्रंथालयांत त्यांना तीन गोष्टी एकत्र नांदताना दिसल्या. पहिली मुक्तद्वार पद्धती, म्हणजे वाचकाने चिठ्ठी देऊन खिडकीशी थांबण्याऐवजी स्वतः फडताळापाशी जाऊन ग्रंथ निवडण्याची मुभा. दुसरी मुलांसाठी स्वतंत्र दालन. आणि तिसरी शिक्षण घेतलेला, पगारी, ग्रंथपाल हाच व्यवसाय मानणारा सेवकवर्ग. या गोष्टी रशियात आणण्यासाठी खावकिना यांनी केलेल्या कामापैकी सर्वांत टिकाऊ ठरलेले काम दिसायला अगदी किरकोळ आहे. चार्ल्स अमी कटर या अमेरिकन ग्रंथपालाने ग्रंथकारचिन्हांचे तक्ते तयार केले होते. एकाच विषयाचे ग्रंथ फडताळावर ग्रंथकारांच्या नावांच्या वर्णक्रमाने लागावेत म्हणून आडनावाचे पहिले अक्षर आणि त्यापुढे ठरावीक अंक असे चिन्ह प्रत्येक ग्रंथाला देण्याची ती रीत होती. खावकिना यांनी हे तक्ते रशियन आडनावांसाठी नव्याने बांधले. रशियन नावांतील अक्षरांची वारंवारता इंग्रजीहून निराळी असल्याने नुसते लिप्यंतर करून चालण्यासारखे नव्हते. सगळी विभागणी मुळापासून करावी लागली.

मराठी वाचकाला या काळाचा एक समांतर धागा परिचयाचा असेल. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी आपल्या अमेरिका-भेटीनंतर विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यास बोलावले, आणि १९१३ पर्यंतच्या मुक्कामात बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी जाणाऱ्या फिरत्या पेट्या आणि ग्रंथपालांचे शिक्षण यांची घडी बसवून दिली. मॉस्को आणि बडोदे एकाच वेळी एकाच ठिकाणाहून धडे घेत होते. फरक असा की बडोद्यात संस्थानाधिपतीची इच्छा मागे उभी होती, तर रशियात हे काम सरकारच्या संशयी नजरेखाली चालले होते.

१९१३ सालच्याच उन्हाळ्यात, परदेशात राहणाऱ्या लेनिन यांनी एका रशियन कामगार-वृत्तपत्रात न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या १९११ सालच्या अहवालावर एक छोटा लेख लिहिला. त्या ग्रंथालयाची नवी भव्य इमारत १९११ च्या मे महिन्यात खुली झाली होती आणि पहिल्या दिवशी वाचकाने मागितलेला पहिला ग्रंथ निकोलाय ग्रोत यांचा, नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्या नीतिविचारांवरचा, रशियन भाषेतील ग्रंथ होता. मागणीची चिठ्ठी दिल्यावर अवघ्या सहा-सात मिनिटांत तो वाचकाच्या हाती आला. लेनिन यांनी ही घटना मुद्दाम सांगितली, ४२ शाखांचा आणि घरी वाचायला दिल्या गेलेल्या सुमारे ८० लाख ग्रंथांचा आकडा दिला, आणि शहरातील कोणाच्याही घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर शाखा असावी या न्यूयॉर्कच्या धोरणाचे कौतुक केले. ग्रंथालयाची प्रतिष्ठा त्याच्याकडील दुर्मीळ हस्तलिखितांवरून न मोजता ग्रंथ किती माणसांत फिरतात, मागणी किती लवकर पुरी होते, किती मुले वाचनाकडे ओढली जातात यांवरून मोजावी, हा त्या लेखाचा आशय होता. सत्ता हाती आल्यावर नोव्हेंबर १९१७ मध्ये पेत्रोग्राद (पूर्वीचे सेंट पीटर्सबर्ग) येथील सार्वजनिक ग्रंथालयासाठी लिहिलेल्या टिपणातही त्यांनी हाच धागा धरला : देशातील आणि परदेशांतील ग्रंथालयांशी ग्रंथांचा विनिमय तत्काळ सुरू करावा, ग्रंथ पाठवण्याचा टपालखर्च घेऊ नये, वाचनकक्ष सकाळी ८ ते रात्री ११ पर्यंत, सुट्टीच्या दिवशीही, उघडा ठेवावा. हा मापदंड उत्तम होता, आणि ज्याने तो मांडला त्याच्याच राज्यव्यवस्थेला तो लावून पाहण्याचा अधिकार इतिहासकाराला पोहोचतो.

क्रांतीनंतरची पहिली काही वर्षे यादवी, नाकेबंदी आणि दुष्काळ यांत गेली. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला १९३३ पर्यंत मान्यता दिली नव्हती, म्हणून दोन सरकारांमध्ये करार होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ग्रंथपालांनी वाट काढली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे हॅरी मिलर लायडनबर्ग आणि तिथल्या स्लाव्ह विभागाचे प्रमुख अव्राम यार्मोलिन्स्की यांनी १९२३–२४ मध्ये रशियात जाऊन हजारो ग्रंथ मिळवले आणि तिथल्या संस्थांशी विनिमयाचे संबंध जोडले. १९२५ साली मॉस्कोत परदेशांशी सांस्कृतिक संबंध ठेवणारी 'वोक्स' ही संस्था स्थापन झाली आणि तिच्याकडे ग्रंथविनिमयाचे स्वतंत्र खाते आले. याच काळात परकीय चलनाच्या गरजेपोटी सोव्हिएत सरकारने झारच्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रह विकायला काढले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्या फडताळांवर राजचिन्हांकित चामडी बांधणीचे ग्रंथ येऊ लागले. सहकार्याच्या इतिहासात या विक्रीला मानाचे पान देता येत नाही. नडलेल्या राज्याने वारसा विकला आणि सधन ग्रंथालयांनी तो घेतला, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

त्या दशकातील खरी देवाणघेवाण हॅरिएट एडी यांच्या प्रवासात दिसते. कॅलिफोर्नियातील एल्क ग्रोव्ह या लहान गावात शिक्षिका असताना तेथे १९०८ साली सुरू झालेल्या ग्रंथालय-शाखेच्या कामातून त्या या क्षेत्रात आल्या, आणि पुढे राज्यभर हिंडून त्यांनी जिल्हा-ग्रंथालयांचे जाळे उभे करण्यास मदत केली. मोठ्या गावातील एका मध्यवर्ती ग्रंथालयाने सगळ्या जिल्ह्यासाठी ग्रंथ विकत घ्यावेत, त्यांचे वर्गीकरण आणि तालिकीकरण एकदाच करावे, आणि शाळा, दुकान, प्रसंगी एखाद्या शेतकऱ्याचे घर अशा ठिकाणच्या शाखांतून ते कोठल्याही कोपऱ्यातील वाचकाला विनामूल्य पुरवावेत, अशी ती योजना होती. विरळ वस्ती, लांब अंतरे आणि ग्रंथांची टंचाई या अडचणी कॅलिफोर्निया आणि रशिया यांना समान होत्या. म्हणून मॉस्कोहून आलेल्या निमंत्रणावरून एडी १९२७ साली आणि पुन्हा १९३०–३१ मध्ये सोव्हिएत संघात गेल्या, ग्रामीण वाचनालये पाहिली आणि मध्यवर्ती व्यवस्थेविषयी सल्ला दिला.

या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे जाळे विणण्याचा, सोव्हिएत व्यवस्थेने मनापासून स्वीकारला. वाचनालयांची संख्या अफाट वाढली, साक्षरतेच्या मोहिमेला त्यांचा आधार मिळाला, आणि दुर्गम खेड्यातही 'लाल कोपरा' (प्रचार-वाचनासाठी राखलेली जागा) किंवा वाचनकुटी असावी हा आग्रह राहिला. या कामाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. दुसरा अर्धा भाग, म्हणजे वाचकाला हवा तो ग्रंथ पुरवण्याचा, मात्र वाटेतच गळाला. लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रूपस्काया यांच्या अधिपत्याखालील राजकीय शिक्षण खात्याने १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात लोकवाचनालयांतून काढून टाकायच्या ग्रंथांच्या याद्या पाठवल्या आणि त्यांत प्लेटो, कांट, शोपेनहाउअर यांचाही समावेश होता. १९२२ साली 'ग्लावलित' हे नियंत्रण खाते स्थापन झाले, आणि मोठ्या ग्रंथालयांत 'स्पेत्सख्रान' म्हणजे विशेष कोठार निर्माण झाले. बंदी घातलेला ग्रंथ तेथे नष्ट होत नसे. त्याची नोंद सार्वजनिक तालिकेतून निघून जाई आणि परवानगीपत्र असलेल्या मोजक्या अभ्यासकांनाच तो पाहता येई. झारच्या काळातील यादी निदान गरिबांच्या वाचनालयांपुरती होती. नवी यादी सगळ्यांसाठी होती. खावकिना यांनी ज्या मुक्तद्वार पद्धतीसाठी आग्रह धरला होता, तिचे दार फडताळापर्यंत उघडले असले तरी फडताळावर काय असावे हे दुसरेच कोणी ठरवीत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही देश एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले, आणि चमत्कारिक वाटले तरी ग्रंथविनिमय त्यामुळेच फोफावला, कारण प्रतिपक्ष काय छापतो हे जाणून घेणे आता राष्ट्रीय गरज बनली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ पासून रशियातून आलेल्या प्रकाशनांची मासिक सूची छापण्यास सुरुवात केली आणि १९५७ च्या स्पुतनिकनंतर अशा सूचींना येणारी मागणी आणखी वाढली. पैशाने खरेदी करण्याचा मार्ग अरुंद होता. रूबल हे परदेशी बाजारात न चालणारे चलन होते, सोव्हिएत ग्रंथांची निर्यात 'मेझ्दुनारोद्नाया क्निगा' या एकाच सरकारी संस्थेमार्फत होई, आणि प्रांतोप्रांतीच्या अकादमी व विद्यापीठे यांची अल्पसंख्य प्रतींची प्रकाशने तिच्या यादीत येत नसत. ती मिळवायची तर मॉस्कोचे लेनिन ग्रंथालय किंवा अकादमीचे ग्रंथालय यांच्याशी ग्रंथास ग्रंथ असा व्यवहार करणे हाच उपाय होता. मराठी पुस्तके अमेरिकन विद्यापीठांत ज्या मार्गाने पोहोचली तो याच्याहून अगदी वेगळा होता : भारताला दिलेल्या गव्हाच्या मोबदल्यात अमेरिकेच्या खात्यावर जमलेले रुपये १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतील प्रकाशने विकत घेण्यासाठी वापरले. रशियाच्या बाबतीत असे रूबल नव्हते, म्हणून तेथे विनिमयाखेरीज गत्यंतर नव्हते.

२७ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेतर्फे विल्यम लेसी आणि सोव्हिएत संघातर्फे गिओर्गी झारुबिन यांनी दोन देशांतील सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या करारावर सह्या केल्या आणि ग्रंथपालांच्या भेटींना प्रथमच औपचारिक आधार मिळाला. १९६१ साली अमेरिकन ग्रंथपालांचे एक शिष्टमंडळ सोव्हिएत संघात जाऊन आले, आणि मेल्विल रगल्स व रेनार्ड स्वँक यांनी लिहिलेला त्याचा अहवाल अमेरिकन ग्रंथालय संघाने पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

परंतु अमेरिकेहून मॉस्कोला पोहोचलेल्या ग्रंथाची पुढील वाटचाल अनेकदा ग्लावलितच्या टेबलावरून होई, आणि आक्षेपार्ह ठरलेल्या ग्रंथावर षट्कोनी शिक्का उमटला की तो विशेष कोठारात जाई. विनिमयाच्या हिशेबात ग्रंथ मिळाल्याची नोंद बरोबर असे, अमेरिकन ग्रंथालयाला पोचपावतीही येई, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो वाचक मात्र तालिकेचे खण उलटून रिकाम्या हाताने परते.

हा दोष एकाच बाजूचा नव्हता. अमेरिकेने १९६२ साली असा कायदा केला की, परदेशातून येणारे 'कम्युनिस्ट राजकीय प्रचारसाहित्य' टपाल खात्याने अडवून ठेवावे आणि ज्याच्या नावाने ते आले असेल त्याने आपल्याला ते हवे असल्याचे पत्र लिहून कळवले तरच ते त्याला द्यावे. या कायद्यातून सरकारी कार्यालये, शिक्षणसंस्था आणि परस्पर सांस्कृतिक करारांखाली येणारे साहित्य वगळले होते. म्हणजे संस्थांमधील विनिमय अबाधित होता आणि घरी बसून वाचणाऱ्या नागरिकाला मात्र आपली आवड सरकारदरबारी नोंदवावी लागत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली लॅमाँट खटल्यात हा कायदा एकमताने रद्द केला, आणि विचारस्वातंत्र्याला हरताळ फासतो या कारणावरून काँग्रेसचा कायदा रद्द ठरवण्याची त्या न्यायालयाची ती पहिलीच वेळ होती. तरीही संशय संपला नाही. १९८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणित व विज्ञान ग्रंथालयात येऊन एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी सोव्हिएत आणि तत्सम देशांचे वाचक काय वाचतात याची विचारपूस केली, तेव्हा ग्रंथालयसेवकांनी माहिती देण्यास नकार दिला, आणि अमेरिकन ग्रंथालय संघ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. वाचकाने काय वाचले हे ग्रंथपालाने कोणालाही सांगू नये, हे या व्यवसायाचे व्रत आहे, आणि परकीय, त्यातही शत्रुपक्षाच्या वाचकासाठी ते पाळले गेले, याची नोंद आदराने करावयास हवी. दोन्ही देशांतील फरक येथे स्पष्ट होतो : भीती दोन्हीकडे होती, पण अमेरिकेत तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येत होते आणि ग्रंथपालाला उघडपणे नाही म्हणता येत होते.

मिखाईल गोर्बाचेव यांच्या काळात विशेष कोठारांची दारे उघडू लागली आणि त्याच वेळी एका आपत्तीने दोन्हीकडच्या ग्रंथरक्षकांना एका मेजाशी आणले. १४ फेब्रुवारी १९८८ रोजी लेनिनग्राद येथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली. जवळजवळ ४ लाख ग्रंथ जळाले आणि आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याने लक्षावधी ग्रंथ भिजले. ओला ग्रंथ काही दिवसांतच बुरशी धरतो, म्हणून अशा प्रसंगी आधी काय वाळवायचे, काय गोठवून ठेवायचे आणि कोणत्या ग्रंथाला नुसते जपणुकीच्या पेटीत ठेवून पुढच्या उपचाराची वाट पाहायची याचा क्रम लावणे हेच मोठे कौशल्य असते. १९६६ च्या फ्लॉरेन्स येथील पुरात हे काम केलेले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टप्प्याटप्प्याच्या जतनाची पद्धत विकसित केलेले पीटर वॉटर्स त्या वर्षी लेनिनग्रादला गेले आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ही पद्धत राबवली.

ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे अधिवेशन ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत भरले, तेव्हा गोर्बाचेव यांच्याविरुद्ध बंड झाले आणि १९ ऑगस्टच्या सकाळी प्रतिनिधींना रस्त्यांवर रणगाडे दिसले. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख आणि रशियन संस्कृतीचे इतिहासकार जेम्स बिलिंग्टन त्या वेळी शहरात होते. मार्गारिता रुदोमिनो (१९००–१९९०) यांनी क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या काळात स्थापन केलेले परकीय साहित्याचे ग्रंथालय हे या अधिवेशनाचे एक केंद्र होते, आणि बंडाच्या त्या दिवसांत तिथल्या छपाईयंत्रांवर बंडाला विरोध करणारी पत्रके छापली गेली. त्या ग्रंथालयाच्या येकातेरीना गेनियेवा (१९४६–२०१५) आणि इलिनॉय विद्यापीठातील मारियाना टॅक्स चोल्डिन यांच्या मैत्रीतून पुढचे दशक घडले. चोल्डिन यांनी झारकालीन ग्रंथनियंत्रणाचा अभ्यास केला होता. त्या ज्या मॉर्टेन्सन केंद्राच्या पहिल्या संचालक झाल्या त्या केंद्राने १९९१ पासून परदेशांतील, रशियासह अनेक देशांतील, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाची सोय केली, आणि १९९३ साली मॉस्कोत दोघींनी मिळून रशियन व सोव्हिएत ग्रंथनियंत्रणावर परिषद आणि प्रदर्शन भरवले. कालपर्यंत ज्या ग्रंथांवर षट्कोनी शिक्का होता ते आता काचेच्या पेटीत त्या शिक्क्यासह मांडले गेले. त्याच वर्षी त्या ग्रंथालयात अमेरिकन केंद्र उघडले, आणि २००० नंतर रशियाच्या प्रांतिक ग्रंथालयांतून 'अमेरिकन कॉर्नर' या नावाने इंग्रजी ग्रंथांची छोटी दालने सुरू झाली.

सार्वजनिक ग्रंथालयांची आपसांतील मैत्रीही याच काळात आकाराला आली, आणि तिचा आधार भगिनी-शहरांचा होता. सिएटल आणि तेव्हा सोव्हिएत संघात असलेले ताश्कंद यांनी १९७३ साली असे नाते जोडले होते. मेन राज्यातील पोर्टलंड आणि अर्खान्गेल्स्क यांनी १९८८ साली, तर अमेरिकेतील ओक रिज आणि रशियातील ओब्निन्स्क या अणुसंशोधनाच्या दोन गावांनी शीतयुद्ध संपल्यावर ते जोडले. १९९९–२००० मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अध्यक्ष सॅरा अ‍ॅन लाँग यांनी भगिनी-ग्रंथालयांचा उपक्रम हाती घेतला. अशा नात्यांत राजधान्यांच्या कराराची गरज नव्हती, आणि फारसा पैसाही नव्हता.

अविश्वास मात्र परतला, आणि तो अवघ्या ७ ग्रंथांवरून. ल्युबाविच येथील ज्यू धर्मगुरूंच्या श्नीअरसन घराण्याचा सुमारे १२,००० ग्रंथांचा संग्रह क्रांतीनंतर सरकारजमा होऊन मॉस्कोच्या, पुढे रशियन राज्य ग्रंथालय झालेल्या, ग्रंथालयात आला होता आणि त्या पंथाचे न्यूयॉर्कमधील अनुयायी तो परत मागत होते. १९९४ साली त्यांपैकी ७ ग्रंथ रशियन राज्य ग्रंथालयाने आंतरग्रंथालयीन देवघेवीने, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर परत करण्याच्या बोलीवर, लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, आणि तिथून ते पंथाकडे गेले. ते परत आले नाहीत. अमेरिकन न्यायालयाने २०१० साली संग्रह पंथाला देण्याचा निकाल दिला आणि २०१३ साली रशियावर दर दिवसाला ५०,००० डॉलर दंड बसवला. २०१४ साली मॉस्कोतील न्यायालयाने ७ ग्रंथांपोटी लायब्ररी ऑफ काँग्रेसवर तितकाच दंड बसवला. दरम्यान रशियन संग्रहालयांनी जप्तीच्या भीतीने अमेरिकेला कलाकृती उसन्या देणे थांबवले होते. संग्रहावरील पंथाचा हक्क कितीही न्याय्य मानला, तरी मुदतीवर दिलेला ग्रंथ परत न येणे ही देवघेवीच्या मुळावरची जखम होती, आणि त्या जखमेची किंमत या वादाशी संबंध नसलेल्या वाचकांनी आणि प्रेक्षकांनी मोजली. जुलै २०१५ मध्ये गेनियेवा यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, २२ वर्षांनंतर, त्यांच्या ग्रंथालयातील अमेरिकन केंद्र रशियन बाजूने बंद करण्यात आले.

या पडझडीच्या आधी एक काम पुरे झाले होते. १९९९ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग येथील राष्ट्रीय ग्रंथालयांच्या सहकार्याने सायबेरिया, अलास्का आणि अमेरिकेचा पश्चिम भाग यांच्या इतिहासाची साधने अंकीय स्वरूपात, दोन्ही भाषांत, सर्वांना खुली केली. त्यांत युदिन यांनी जमवलेले रशियन-अमेरिकन कंपनीचे कागदही होते, जे १९०७ साली पेट्यांतून गेले होते आणि आता क्रास्नोयार्स्कमधील विद्यार्थ्याला पडद्यावर वाचता येऊ लागले. उलट दिशेने गेलेली गोष्ट रशियाच्या कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात आजही फडताळापाशी पाहायला मिळते. ग्रंथाच्या पाठीवर किंवा नोंदपत्रावर एक अक्षर आणि त्यापुढे दोन अंक असतात. पुश्किन यांच्या ग्रंथांवर रशियन 'प' आणि ९१, कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचून लहानाचे मोठे झालेले जॅक लंडन यांच्या ग्रंथांवर रशियन 'ल' आणि ७६. हे अंक खावकिना यांच्या तक्त्यातले आहेत.